बाराफुटीचा रिमोट

तलासरीत हायवेच्या थोडं आत आमचं वर्कशॉप आहे. आम्ही फुग्यांचे साचे बनवतो. फुग्याचा साचा म्हणजे फुग्याच्याच आकाराचा ॲल्युमिनियमचा ठोकळा. असे साचे ॲल्युमिनियमच्याच लांब फळीवर रांगेत बसवतात, फळी उलटी करून रबराच्या चिकात बुडवतात, वर काढतात, वाळवतात आणि फुगे सोलून काढतात. म्हणजे कुठल्याही वाढदिवसाचा फुगा आधी कुठल्या तरी फळीला उलटा लटकलेला असतो. डहाणूत फुग्यांचे कारखाने पुष्कळ. त्यामुळे तिथली माणसं वाढदिवसाला फारशी भारावून जात नाहीत.

फळ्या लांब असतात, म्हणून २०१८ साली आमच्या मालकांनी, रामनाथभाईंनी, वापीहून फळ्यांना भोकं पाडणारं एक जुनं कॉम्प्युटरवालं मशीन आणलं. ते बारा फूट लांब होतं. त्याला बाराफुटी हे नाव कुणी दिलं ते कळलं नाही, पण फार विचार करावा लागला नसणार.

मशीन हुशार असतं, पण आंधळं असतं. काम सुरू करण्याआधी त्याला सांगावं लागतं की तुझं टूल, म्हणजे भोक पाडायचं हत्यार, इथे आहे आणि फळी इथे. ह्याला सेटिंग म्हणतात, आणि टूल वरखाली होतं त्या दिशेला झेड. टूलचं टोक फळीजवळ आणायचं, मध्ये बिडीच्या बंडलाचा पातळ कागद धरायचा, तो मागेपुढे हलवत राहायचं आणि टूल इतकं हळू खाली आणायचं की कागद हलेनासा व्हावा. कागद अडला की झिरो, म्हणजे मोजायला सुरुवात करायची जागा, मिळाला. बाराफुटीवर हे दोन्ही टोकांना करावं लागे.

टूल हलवायला हातात मावेल अशी एक डबी होती. तिच्यावर बोटाने फिरवायचं चाक. डबी पॅनेलला वेटोळ्या वायरने बांधलेली. वायर अर्ध्या मशीनपर्यंत यायची आणि मग दावं संपलेल्या शेळीसारखी तिथेच उभी राहायची. म्हणून लांबच्या टोकाला दोन माणसं लागायची. इकडे चाकावर लहान्याकाका, तिकडे कागद धरून सुनिलभाऊ. मध्ये बारा फूट मशीन आणि ओरडणं.

लहान्याकाका गंजाडचे, सुनिलभाऊ सायवनचे. सुनिलभाऊंची बहीण संगिताकाकी म्हणजे लहान्याकाकांची बायको. ती आमच्याकडेच साच्यांना पॉलिश करते. हे मेहुणे-भाऊजी गेली तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण असं की गंजाडच्या मैदानावर टेनिस बॉलच्या टुर्नामेंटची फायनल होती, लहान्याकाका अंपायर होते, आणि त्यांनी मेहुण्याला रनआउट दिला. बॅट केसभर बाहेर होती, असं काकांचं म्हणणं. केसभर आत होती, असं सुनिलभाऊंचं. दुसरी कुठलीही माणसं असती तर म्हणाली असती, जाऊ दे, केसभराने काय होतं. पण हे दोघे केसभरावरच पोट भरत होते. माघार घेतली तर धंद्याचंच नाक कापलं जाणार.

पण सेटिंग तर करायला लागायचंच. आणि सेटिंगला बोलावं लागतं. म्हणून त्यांनी एक सोय काढली होती, जी दोघांपैकी एकानेही कधी कबूल केली नाही. ते मशीनशी बोलायचे.

"झेड खाली," सुनिलभाऊ फळीकडे बघत म्हणायचे. "खाली. अजून खाली. आईचा गुडघा परत सुजलाय. थांब."

"थांबलं," लहान्याकाका पॅनेलकडे बघत म्हणायचे. "कासाला गुरुवारी हाडांचा डॉक्टर बसतो, असं ऐकलं. आता?"

"आता तांदळाएवढं. बस. आता केस. गुरुवारी रिक्षा मिळत नाही."

"मोटारसायकल घरीच असते गुरुवारी. चावी बहिणीकडे असते. आता?"

"अडला."

काम झालं की दोघे परत मुके. एका घराची तीन वर्षांची आजारपणं, शेतातलं भात, रेशनचं कार्ड आणि गाभण म्हैस, सगळं ह्या मशीनवरून आणि त्याच्या आधीच्या सहाफुटीवरून गेलं होतं. मी तिथे ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम करायचो. मला त्यांच्या घरातलं माझ्या घरातल्यापेक्षा जास्त माहीत होतं.

डिसेंबरात रामनाथभाई एकदा अख्खं सेटिंग उभं राहून बघत बसले. ते डहाणूचे, चिकूच्या वाडीवाले. वाडीतली सवय, झाडाखाली उभं राहून बघायची. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिथुन, एक झिरो काढायला दोन माणसं आणि एक म्हैस?"

"म्हैस आजच आली मध्ये. रोज नसते."

"बिनवायरचा रिमोट येतो म्हणतात. एकच माणूस हातात घेऊन फिरेल, जिथे पाहिजे तिथे उभा राहील. तू बघ चांगला कुठला ते. सुनिलला मग डहाणूला पाठवू, माझ्या भावाच्या कारखान्यात. त्याला घ्यायचाच आहे माणूस. पगार तोच."

कुणाचं नुकसान नव्हतं. मलाही अशा वस्तूंचं कुतूहल असतं. मी त्याच दुपारी वापीच्या चिमणभाईंना फोन लावला.

चहाच्या वेळी संगिताकाकी माझ्या टेबलाशी आली. हातावर पॉलिशची काळी धूळ, ती ओढणीला लागू नये म्हणून हात वर धरून. ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखी.

"रिमोट तू आणणारेस ना?"

"मी फक्त निवडणार. आणणार रामनाथभाई."

"मग असा निवड, की दोघं लागतील."

"काकी, तो एकाच माणसाला चालवता यावा म्हणूनच घेतायत."

"ते मला नको सांगू. जिजाचं लग्न ठरलंय." जिजा म्हणजे तिची मोठी मुलगी. "मांडवात तिला मामाने आणायचं. मामा म्हणतो, येईन, पण ज्याच्या दारात मांडव त्याने तोंडाने सांगायचं. मी सांगितलेलं चालत नाही. मी म्हणे त्यांच्याच घरची. आणि हा जिजाचा बाप म्हणतो, सांगतो, मोठं सेटिंग आलं की सांगतो. महिना झाला. म्हशीचं सांगून झालं, बोअरिंगचं सांगून झालं. लग्नाचं तोंडातून निघत नाही."

"घरी जाऊन सांगायचं मग."

"तीन वर्षं त्या दारात गेला नाही. मशीनसमोर निघालं तर निघेल. आणि तू मशीनवरचा माणूसच काढतोयस."

मी म्हटलं, मी बघतो. ह्या वाक्याचा अर्थ आमच्याकडे काहीही होत नाही, पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं. काकीला बरं वाटलं नाही.

चिमणभाई स्कूटरवर तीन खोकी बांधून आले. गुजरातेतून महाराष्ट्रात यायला त्यांना चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि त्यांची मराठीही तशीच, सीमेवरची.

"हा बघा पेंडंट, म्हंजे रिमोट," ते म्हणाले. "एकदम लेटेस्ट. ह्याच्यात चाक पण नाय, बटण पण नाय. फक्त काच."

खरंच मोबाइलसारखी गोष्ट होती. काचेवर चाकाचं चित्र. चित्रावर बोट फिरवलं की बाराफुटी हलायची. चित्राच्या बाजूला आकडे पळायचे, रंग बदलायचे. आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. रामनाथभाईंनी स्वतः फिरवून बघितलं आणि नातवाला दाखवायला फोटो काढला.

लहान्याकाकांनी हात पॅन्टला पुसून ती घेतली. थोडं फिरवलं. मग टूलकडे बघितलं, मग काचेकडे, मग टूलकडे.

"मी बघू कुठे?" त्यांनी विचारलं.

"स्क्रीनमधी," चिमणभाई म्हणाले.

"मग टूल कोण बघणार?"

"टूल पण तुम्हीच."

जुन्या चाकाला प्रत्येक पायरीला बारीक टक्‌ लागायचा. काका डोळे टूलवर ठेवून टक्‌ मोजायचे. काचेवर बोट सरकलं की सरकलं, कुठे थांबलं ते काच सांगायची, बोट नाही. त्यात त्यांच्या बोटाला भोकं पाडताना उडालेलं तेल. काच त्याला बोट मानायला तयार होईना. नंतर मी दाबलं, तर माझंही मानेना. काकांचं तेल तिथेच राहिलं होतं. चिमणभाईंनी रुमालाने काच पुसली, आणि त्या पुसण्याने बाराफुटीचं टूल झपकन दुसऱ्या टोकाला गेलं. पहिलं खोकं बंद झालं.

दुसरा रिमोट साधा होता. चेपलेल्या वाटीएवढा, वर टक्‌टक्‌ करणारं चाक, मागे लोहचुंबक. मशीनला कुठेही चिकटवा आणि एका हाताने फिरवा. दुसरा हात मोकळा, त्यात कागद. लहान्याकाकांनी लांबच्या टोकाला जाऊन एकट्याने झिरो काढला. कुणीही ओरडलं नाही. वर्कशॉपमध्ये पंख्याचा आवाज येतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सुनिलभाऊ झाडू घेऊन उभे होते, मध्ये काही लागेल म्हणून. काही लागलं नाही.

"हाच," रामनाथभाई म्हणाले. "दोन दिवस ट्रायल ठेव. सोमवारी मी सुनिलशी बोलतो."

पॉलिशच्या बाजूचं घासणं थांबलं होतं. मी तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराफुटी आपोआप हलली.

फार नाही, बोटभर. सकाळच्या चहानंतर येऊन बघतो तर टूल ठेवलं होतं तिथे नाही. मी म्हटलं, माझीच चूक असेल. दुपारी जेवून आलो, परत बोटभर पुढे. ह्या वेळी मी खडूने खूण केली होती, त्यामुळे चूक खडूवर ढकलता येईना.

प्रत्येकाने आपापल्या परीने शोध लावला. रामनाथभाई म्हणाले, वीज कंपनी. ते पावसाबद्दलही वीज कंपनीलाच जबाबदार धरतात. चिमणभाई फोनवर म्हणाले, अर्थिंग. रामनाथभाईंच्या आई अंबूबाई त्या दिवशी चिकू घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, मशीनला लिंबू-मिरची बांधलीय का. बांधली होती. ती मशीनबरोबर बोटभर पुढे गेली होती. अंबूबाईंनी ती हाताने परत मागे सरकवली आणि म्हणाल्या, आता बघा.

मला झोप लागेना असं काही झालं नाही, पण कुतूहल मात्र लागलं. हलतं कधी? सगळे बाहेर असताना. म्हणजे बघायला कुणीतरी आत राहायला हवं. शनिवारी चहाची सुट्टी झाली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, काल केलं तेच करा, काही बदलू नका. सगळे हायवेच्या कडेच्या टपरीवर गेले. आत मी आणि सुनिलभाऊ. ते फळीवरचा ॲल्युमिनियमचा भुसा ब्रशने झाडत होते, कारण चहाला जायच्या आधी ते रोज हे करून जातात.

मी टूलकडे बघत बसलो. पहिल्यांदा काही नाही. मग टक्‌ टक्‌ टक्‌, मशीनच्या पोटातून, आणि टूल सरकलं. सुनिलभाऊंनी हात मागे घेतला. ब्रश तिथेच राहिला. टूलने ब्रशला ढकलत नेलं आणि थांबलं.

मी लहान्याकाकांना फोन लावला. "काका, काय करताय?"

"चहा पितोय."

"आत्ता, ह्या क्षणी काय केलंत?"

"काही नाही. बसलो बाकड्यावर."

"उठा."

"का?"

"उठा तर."

टक्‌ टक्‌. टूल मागे आलं.

"परत बसा."

टूल पुढे गेलं.

"आता थोडं डावीकडे सरका."

"मिथुन, दुकानवाला बघतोय माझ्याकडे."

पण ते सरकले. टूलही सरकलं. मी फोन चालू ठेवून त्यांना चार-पाच वेळा उठवलं आणि बसवलं. एव्हाना टपरीवरच्या सगळ्यांना काहीतरी चाललंय हे कळलं होतं. रामनाथभाई आत धावत आले आणि म्हणाले, "परत बसव त्याला." मी बसवलं. रामनाथभाईंनी टूलकडे वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "मांडी घालायला सांग." मांडी घातल्यावर मात्र काही झालं नाही.

रिमोट काकांच्या पॅन्टच्या खिशात होता. नवी वस्तू, टेबलावर ठेवली तर कुणी घेऊन जाईल, म्हणून त्यांनी जपून खिशात ठेवली होती. बसलं की कापड ताणायचं, चाक फिरायचं. चिमणभाईंनी सांगितलेला पल्ला अगदी खरा निघाला. टपरी त्यात आरामात बसत होती.

काका आत आले तेव्हा सगळे हसत होते. रामनाथभाईंनी त्यांना झालेलं पहिल्यापासून सांगितलं, मध्ये स्वतः उठून-बसून दाखवलं. काकाही हसले. मग त्यांना तो ब्रश दिसला, फळीवर आडवा, टूलने केस मोडलेला. त्यांनी विचारलं, "झाडत कोण होतं?"

 सुनिलभाऊ आपल्या हाताकडे बघत होते, बोटं उघडून मिटून.

काकांनी खिशातून रिमोट काढला, दोन्ही हातांनी धरून, गरम तव्यासारखा. माझ्या टेबलावर ठेवला. मागची झाकणी उघडली आणि सेल काढून वेगळे ठेवले. "हा नको," ते म्हणाले. "फुकट दिला तरी नको."

"खिशात न ठेवता वापरला तर—" रामनाथभाई म्हणाले.

"भाई, मी नाही ठेवणार. दुसरा कुणी ठेवेल. विसरेल. मी विसरलोच ना."

तिसरं खोकं उघडायला चिमणभाई सोमवारी परत आले. रिमोट जाड, पिवळा, मुठीत धरायचा. वर टक्‌टक्‌ चाक, टोकाला लाल बटण, सगळं एकदम बंद करायला. आणि बाजूला, मुठीत अंगठा जिथे येतो तिथे, एक लांबट बटण.

"हा दाबून ठेवायचा," चिमणभाई म्हणाले. "दाबलेला असेल तरच चाक चालेल. सोडला की मशीन मेला. खिशात टाका, नाचा, काय पण करा, हलणार नाय."

काकांनी डाव्या मुठीत रिमोट धरला, अंगठ्याने बटण दाबलं, उजव्या हाताने चाक फिरवलं. लांबच्या टोकाला गेले. तिथे थांबले. डाव्या हाताकडे बघितलं, उजव्या हाताकडे बघितलं.

"कागद?" ते म्हणाले.

 रामनाथभाईंनी काकांचे हात मोजल्यासारखे बघितले. ते दोनच होते.

मी म्हटलं, "भाई, सुरक्षित हाच आहे. शनिवारी बघितलंत तुम्ही." हे मी खरं मनापासून म्हटलं. संगिताकाकीचं काम त्यात होत होतं हा योगायोग होता, आणि योगायोगाबद्दल मालकाला सांगायची पद्धत नाही.

पण रामनाथभाई फुग्याच्या गावचे. डहाणूच्या माणसाला कुठलीही अडचण दिली की तो आधी फुगा बांधून बघतो. गळणारा नळ, स्कूटरचा हलणारा आरसा, गॅसची नळी, सगळीकडे फुगा. त्यांनी खिशातून एक लाल फुगा काढला, तो त्यांच्या खिशात नेहमी असतो, आणि रिमोटभोवती ताणून असा गुंडाळला की बटण दाबलेलं राहावं. "झालं," ते म्हणाले. "आता एक हात मोकळा."

काकांनी चाक फिरवलं. मशीन ढिम्म.

"ढिला पडला असेल." दुसरा फुगा चढवला. ढिम्म. मग एक वेढा काढला. तरी ढिम्म. मग खरा अभ्यास सुरू झाला. गोल फुगा, लांबडा फुगा, पाण्याचा छोटा फुगा, कारखान्याच्या सॅम्पलमधला सफरचंदाच्या आकाराचा. अंबूबाईंनी घरून आणलेला शेवाळी रंगाचा एक, तो जुना असल्याने तुटला. एक-दोनदा मशीन किंचित हललं आणि लगेच थांबलं. रामनाथभाईंच्या कपाळावर घाम आला. चिमणभाई शांतपणे चिकू खात होते.

बी थुंकून ते म्हणाले, "नाय होणार. त्या बटणाला तीन जागा हाय. सोडला तरी बंद, फार जोरात दाबला तरी बंद. मधे, आरामात धरला तरच चालू."

"जोरात दाबला तर बंद कशाला?" मी विचारलं.

"माणूस घाबरला की काय करतो? हातातलं सोडतो, नाय तर आवळतो. दोन्हीमधी मशीन थांबायला पायजे. फुग्याला आराम माहीत नाय. तो आवळतोच."

रामनाथभाईंनी लाल फुगा काढून परत खिशात ठेवला. थोडा वेळ बाराफुटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. दोघं तर दोघं. बोटं राहिली तर साचे होतील. ओरडणं तरी बंद होईल."

त्यांनी पिवळा रिमोट घेतला. संगिताकाकीने त्या दिवशी माझ्या टेबलावर बोरं आणून ठेवली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ओरडणं खरंच बंद झालं.

हे माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं. आता वायर नव्हती. काका पॅनेलपाशी कशाला थांबतील? ते रिमोट घेऊन सरळ लांबच्या टोकाला यायचे, जिथे टूल नीट दिसतं तिथे. तिथेच सुनिलभाऊ कागद धरून वाकलेले. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ. आणि इतक्या जवळून मशीनशी बोलता येत नाही. बारा फुटांवरून माणूस हवेत म्हणू शकतो की आईचा गुडघा सुजलाय. समोरच्याच्या श्वासाला बिडीचा वास येतोय इतक्या अंतरावर ते त्यालाच म्हटल्यासारखं होतं. म्हणून दोघे काहीच म्हणेनात. सुनिलभाऊ कागद हलवायचे, काका कागद बघायचे, अडला की दोघांनाही दिसायचं. मान डोलावायचे आणि वेगळे व्हायचे. सेटिंग कधी नव्हे इतकं चांगलं होऊ लागलं.

"आठवड्याने मांडव आहे," संगिताकाकी मला म्हणाली. "तू काय आणलंस रे हे?"

 मी निवडलेली वस्तू सगळ्या बाजूंनी बरोबर होती.

मग त्या बरोबर वस्तूत बिघाड आला. सेटिंग चालू असताना मध्येच मशीन थांबायचं. एकदा, दोनदा, मग प्रत्येक सेटिंगला. काका रिमोट हलवायचे, अंगठा उचलून परत ठेवायचे, मग चालू. सेल बदलले, तरी तेच. चिमणभाई म्हणाले, अर्थिंग.

मला पुन्हा कुतूहल लागलं. दुसऱ्या दिवशी मोठी फळी लागली तेव्हा मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो, ड्रॉइंग हातात घेऊन, म्हणजे कुणाला काही वाटू नये. टूल खाली येत होतं. सुनिलभाऊ कागद हलवत होते. काका चाक फिरवत होते. टक्‌, टक्‌. मग काकांनी घसा साफ केला, तोंड थोडं उघडलं, आणि मशीन थांबलं.

मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

त्यांनी तोंड मिटलं. नखात रंग आला. मशीन सुरू झालं. टक्‌, टक्‌. परत घसा, परत ओठ हलले, नख पांढरं, मशीन बंद.

रिमोट एकदम ठीक होता. घाबरलेल्या माणसासाठी जे करायला बनवला होता, तेच करत होता.

मी हे सांगावं की नको असा विचार करत होतो, तेवढ्यात सुनिलभाऊंनी मान वर केली. त्यांची नजरही त्या अंगठ्यावरच होती. कधीपासून, कोण जाणे. ते टूलकडे बघून म्हणाले, "ह्याला काहीतरी सांगायचंय. पण दाबून धरलंय."

काका टूलकडे बघत राहिले. "कुणाला?"

"तुम्हाला, भाऊजी. मशीनला कसलं सांगायचंय?"

भाऊजी हा शब्द वर्कशॉपमध्ये तीन वर्षांनी पडला. पॉलिशचं घासणं थांबलं. काकांचा अंगठा इतका पांढरा झाला की मला बटणाची काळजी वाटू लागली.

"ठेवा ते," सुनिलभाऊ म्हणाले. "हात मोकळे करा आधी. असं धरून कुणी आमंत्रण देतं का?"

"मी आमंत्रणच देतोय हे तुला कुणी सांगितलं?"

"अख्ख्या सायवनला माहीत आहे. मांडवाचे बांबू आमच्याच बाजूने गेले ना. मला सोडून सगळ्यांना बोलावलंत."

काकांनी रिमोट फळीवर ठेवला. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. एक खिशात घातला, मग लगेच काढला. "जिजाचं लग्न आहे," ते म्हणाले. "तू मामा आहेस."

"हे मला जिजा झाली तेव्हापासून माहीत आहे."

"मग ये."

"असं नाही." सुनिलभाऊ कागद सोडून सरळ उभे राहिले. कागद टूलखाली तसाच अडकून राहिला. "कारखान्यात नाही घेणार मी आमंत्रण. घरी या. बसा. आई आहे, तिला सांगा, मला सांगा. मग मी येतो की नाही ते सांगतो."

"म्हणजे येणार नाहीस?"

"येणार आहे. पण ते घरी सांगणार."

काकांनी तेलकट बोटं पॅन्टला पुसली. "रविवारी येऊ?"

"या. बहिणीला घेऊन या. दुपारी जेवायलाच या. आणि मोटारसायकलचं इंडिकेटर सरळ करा आधी, गावात सगळे हसतात."

"ते बाजारात धक्का लागून मोडलं."

"ते मला माहीत आहे. मशीनला सांगितलं होतंत."

पॉलिशच्या बाजूने कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. मग घासणं परत सुरू झालं, पहिल्यापेक्षा दुप्पट वेगाने.

रामनाथभाई ऑफिसातून बाहेर आले. दोन्ही माणसं मशीनपाशी हात सोडून उभी, रिमोट फळीवर, मशीन बंद. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय रे? बिघडलाय?"

"नाही भाई. चालू आहे."

"मग काम का थांबलंय?"

लहान्याकाकांनी रिमोट उचलला. मूठ सैल होती, अंगठा बटणावर नुसता टेकलेला. सुनिलभाऊंनी टूलखालचा कागद ओढून बघितला. तो फाटून निम्मा हातात आला. त्यांनी बंडलाचा नवा कागद घेतला आणि वाकले.

"पहिल्यापासून घेऊ," ते म्हणाले. "मघाचा झिरो कुठे होता?"

काकांनी पॅनेलकडे बघितलं, फळीकडे बघितलं. "मला काय माहीत," ते म्हणाले. "मी तुझ्याकडे बघत होतो."